ताण टाळता येत नसेल तर तो उतरवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा: कामाचा बोजा आणि घरातलं दीर्घ आजारपण, दोन्ही एकदमच चालू आहेत आणि दोन्ही इतक्यात संपणारी नाहीत. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडतं, मान आणि खांदे आखडलेले असतात, पोट बिघडतं. तपासण्या नॉर्मल आल्या. ध्यान करून पाहिलं, तर डोक्यातले विचार उलट वाढले. ताणाचं कारण हातात नाही, मग तब्येत कशी सांभाळायची?

प्रश्नातच एक गोष्ट नेमकी पकडली आहे. कारण दरवेळी हातात नसतंच. त्यामुळे 'ताण घेऊ नका' या सल्ल्याचा अशा माणसाला काहीही उपयोग नसतो, उलट आपलंच काही चुकतंय असं वाटून जिवाची घालमेल वाढते. ताण चढतो म्हणून शरीराचं फारसं बिघडत नाही. चढलेला ताण दिवसेंदिवस उतरतच नाही, तेव्हा बिघडतं. म्हणून सगळा प्रयत्न उतरवण्याकडे लावायचा, आणि तोही दिवसा. रात्री तीन वाजता करण्यासारखं फार थोडं असतं. रात्रीचं बरंचसं काम दिवसा उरकलेलं असावं लागतं.

शरीरात काय होतं

धोक्याची चाहूल लागली की काही सेकंदांत ॲड्रेनालिन रक्तात येतं. नाडी वाढते, स्नायू ताणले जातात, पचन मंदावतं. ही पहिली लाट लवकर ओसरते. तिच्या मागोमाग दुसरी, संथ लाट येते, ती कॉर्टिसॉलची. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथींना निरोप जातो. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण 20 ते 30 मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसॉल शिखरावर असतं आणि पूर्वपदाला यायला तास-दीड तास घेतं. पाच मिनिटांचं भांडण संपलं तरी अंगातली तगमग तासभर राहते, ती यामुळे. त्या तासात दुसरा प्रसंग, मग तिसरा, असं चालू राहिलं की शरीर खाली यायची संधीच मिळत नाही.

हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये वेगवेगळ्या त्रासांना शरीर एकाच साच्यातून प्रतिसाद देतं हे मांडलं. पुढे ब्रूस मॅक्इवेन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेला 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने 1995 मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या हातावर अगदी छोटी, ठरावीक मापाची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी 9 दिवस जास्त लागले. म्हणजे 'हे सगळं मनाचं आहे' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. त्वचासुद्धा उशिरा भरून येते.

पहाटे तीनची जाग का? कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सर्वात कमी असतं आणि पहाटेकडे हळूहळू चढायला लागतं. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या भागातच आटपलेला असतो, उत्तररात्री झोप हलकी असते. त्यामुळे त्या वेळी क्षणभर जाग येणं सगळ्यांच्याच बाबतीत घडतं. ताण नसलेला माणूस कूस बदलतो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. ताण असलेला माणूस घड्याळ बघतो, उरलेले तास मोजतो, उद्याचं आठवतो, आणि धडधड सुरू होते. जाग टाळता येत नाही. जाग आल्यानंतरची साखळी मात्र तोडता येते.

आधी हे तपासून घ्या

'तपासण्या नॉर्मल' म्हणजे कुठल्या तपासण्या, हे एकदा बघा. धडधड, थकवा आणि झोपमोड या तक्रारींसाठी निदान हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, रक्तातली साखर, रक्तदाब आणि ईसीजी झालेला असावा. झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड असणं, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं ही लक्षणं असतील तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजाराची, तपासणी मागा. हा आजार वर्षानुवर्षं 'ताण' या नावाखाली अंगावर काढला जातो. चालू औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या, दम्याचे काही पंप, स्टेरॉइड आणि थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, या सगळ्यांनी धडधड होऊ शकते.

छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत सरकणं, सोबत घाम, धाप किंवा चक्कर असेल, तर ते ताणामुळे आहे की नाही हे घरी ठरवत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

रक्तदाब घरी मोजत असाल तर नीट मोजा, नाहीतर तो आकडाच नवा ताण होऊन बसतो. आधी अर्धा तास कॉफी, चहा, तंबाखू नको. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीवर हवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. अस्वस्थ वाटलं की लगेच मोजायचं, ही सवय मात्र सोडा. तेव्हा आकडा वाढलेलाच येणार, तो बघून धडधड आणखी वाढणार.

श्वास: बहुतेकांचं नेमकं काय चुकतं

'खोल श्वास घ्या' हा सर्वात जास्त दिला जाणारा आणि सर्वात जास्त चुकणारा सल्ला आहे. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यात तो मोठमोठे श्वास घ्यायला लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी खाली जातो. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हवा पुरत नाही असं वाटतं, आणि माणूस आणखी जोरात श्वास घेतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. खरोखर हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो.

श्वास खोल नको, सावकाश हवा. खुर्चीत पाठ टेकून बसा, एक हात बेंबीच्या वर ठेवा. सुरुवात श्वास सोडण्यापासून करा, घेण्यापासून नाही. मग नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. मध्ये रोखायचा नाही. मिनिटाला सहा श्वास होतात. या गतीच्या आसपास श्वास आणि हृदयाचे ठोके एकमेकांच्या लयीत येतात, आणि लांब उच्छ्वासात व्हेगस मज्जातंतूमार्फत नाडी थोडी मंदावते. श्वास इतका हलका हवा की शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये. हाताखाली पोट थोडंसंच उचललं जावं, खांदे जागचे हलू नयेत. पाच मिनिटं पुरे.

चार-सहा जड जात असेल तर तीन-चारने सुरुवात करा आणि आठवड्याभरात वाढवत न्या. चक्कर किंवा मुंग्या आल्या तर तुम्ही हवा जास्त घेताय. गती तीच ठेवा, प्रमाण निम्म्यावर आणा. दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर आकड्यांचा हट्ट धरू नका, फक्त उच्छ्वास किंचित लांब ठेवा.

दुसरी चूक वेळेची. हा सराव लोक घबराट शिगेला पोचल्यावर पहिल्यांदा करतात आणि 'उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. पोहणं शिकायचं ते उथळ पाण्यात. दिवसातून दोन-तीन वेळा, बरं वाटत असताना, ठरलेल्या वेळी करा. सकाळी कामाला बसण्याआधी, दुपारी, आणि काम संपल्यावर. दोन-तीन आठवड्यांनी हाच श्वास अवघड प्रसंगात आपोआप हाताशी येतो.

ध्यानात विचार वाढले, त्याचंही कारण इथेच आहे. अस्वस्थ माणूस डोळे मिटून आत बघायला लागला की त्याला स्वतःची धडधडच मोठ्याने ऐकू येते. यात तुमचं काही कमी पडलेलं नाही. डोळे उघडे ठेवून चालताना तळव्यांच्या स्पर्शाकडे लक्ष द्या, किंवा हातांना काम असेल असं काही करा. श्वासाकडे लक्ष दिल्यानेच जीव घाबरत असेल तर श्वासाचा नाद सोडा आणि स्नायूंकडून सुरुवात करा.

स्नायू

एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली ही पद्धत आजही टिकून आहे, कारण यात मनाला काहीच समजवावं लागत नाही. एक स्नायूगट पाच ते सात सेकंद घट्ट करायचा, मग एकदम सोडून 20 ते 30 सेकंद सैलपणा जाणवू द्यायचा. क्रम असा: उजवी मूठ आणि हात, डावी मूठ आणि हात, कपाळ, डोळे, जबडा, खांदे कानांकडे उचलून, पोट, मांड्या, पोटऱ्या. पूर्ण ताकद लावायची नाही, सत्तर टक्के बस्स. घट्ट करताना श्वास कोंडून धरला जातो, तिकडे लक्ष ठेवा. पोटऱ्यांसाठी पायाची बोटं खाली दाबलीत तर हमखास गोळा येतो. त्याऐवजी बोटं नडगीकडे ओढा. मानेला ताण द्यायचा नाही, फक्त खांदे. जिथे दुखापत आहे तो भाग सोडून द्या.

सगळा क्रम 15 मिनिटांचा आहे. रोज जमणार नाही, त्यामुळे दिवसभरासाठी एकच तुकडा घ्या: जबडा. ताणात असलेली माणसं नकळत दात दाबून बसतात आणि त्याने कानशिलं आणि मान दुखते. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटलेले, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेलं, ही जबड्याची विश्रांतीची ठेवण आहे. दार उघडताना, फोन उचलताना, स्क्रीन चालू होताना, एखादी रोजची खूण पकडा आणि तेव्हा दात सुटे आहेत का ते बघा.

डोकेदुखीसाठी साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, किंवा मिश्र घटकांच्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं असेल, तर आता गोळीमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता मोठी आहे. हे डॉक्टरांशी बोलून सोडवावं लागतं.

काळजीला दिवसा वेळ द्या

रात्री डोकं चालू राहतं, कारण दिवसभर त्याला बसून विचार करायला कुणी वेळच दिलेला नसतो. थॉमस बोर्कोवेक यांच्या गटाने 1983 मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे: काळजीसाठी रोज ठरलेली वेळ. 20 मिनिटं ठेवा, संध्याकाळी, पण झोपण्याआधीच्या दोन तासांत नको. जागा अंथरूण किंवा आरामखुर्ची नसावी, टेबल असावं. गजर लावा.

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ज्यात काही करता येईल अशा गोष्टी, आणि प्रत्येकीसमोर पुढचं एकच पाऊल, वेळेसकट. 'औषधाने मळमळ होते' यासमोर 'उद्या 11 वाजता डॉक्टरांना फोन, डोस जेवणानंतर चालेल का विचारणे'. 'अहवाल वेळेत होणार नाही' यासमोर 'सकाळी वरिष्ठांना सांगणे: शेवटचा भाग शुक्रवारऐवजी सोमवारी'. उजवीकडे ज्यात आज काहीच करता येत नाही अशा गोष्टी. 'आजार बळावला तर?' यासमोर काही लिहायचं नाही, ती तिथे नुसती नोंदवायची. ताणाला तोंड देण्याच्या अभ्यासात रिचर्ड लॅझरस आणि सूझन फोकमन यांनी 1984 मध्ये हाच फरक केला होता: प्रश्न सोडवणं वेगळं, त्या प्रश्नासोबत येणारी भावना सांभाळणं वेगळं. जे बदलता येतं त्याच्यासमोर नुसते श्वास मोजत बसणं आणि जे बदलत नाही त्याच्यावर रात्रभर तोडगे शोधणं, दोन्हींनी माणूस दमतो.

ही पद्धत फसते ती परिच्छेद लिहायला लागल्यावर. एकेक ओळच लिहा. एकाच मुद्द्याभोवती तिसऱ्यांदा फिरताय असं लक्षात आलं की पुढच्या ओळीवर जा. दिवसा मध्येच काळजी डोक्यात आली तर दोन शब्द टिपा आणि 'सहा वाजता' म्हणून पुढे व्हा. पहिला आठवडा मन ऐकत नाही. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून त्याला त्या वेळेचा भरवसा वाटायला लागतो.

झोपण्याआधी आणखी पाच मिनिटं, फक्त उद्याच्या कामांची यादी. 2018 मधल्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात, झोपताना पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर.

रात्र

रोज उठायची वेळ एकच ठेवा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि रात्र खराब गेली तरीसुद्धा. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते. उठल्यावर लवकरात लवकर उजेडात या.

अंथरूण फक्त झोप आणि शरीरसंबंधांसाठी. तिथे फोन नाही, हिशेब नाहीत, भांडण मिटवणंही नाही. रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 मध्ये मांडलेल्या या पद्धतीमागचा विचार असा की अंथरूण आणि जागेपणा यांची गाठ मेंदूत बसलेली असते, ती सोडवायची. तीन वाजता जाग आली की घड्याळ बघू नका. त्यासाठी ते संध्याकाळीच उलटं करून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत, रुग्णासाठी जवळ हवाच असेल तर आवाज चालू ठेवून पालथा. अंदाजे 20 मिनिटं झोप आली नाही, किंवा चिडचिड सुरू झाली, तर उठा. मंद दिव्यात, खुर्चीत, वाचलेलं पुस्तक किंवा कपड्यांच्या घड्या असं काही कंटाळवाणं काम करा. डोळे जड झाले की परत जा. परत जाग आली तर परत उठा. पहिल्या काही रात्री हे तीन-चारदा करावं लागतं आणि त्याचा वैताग येतो, पण इथेच बहुतेक जण सोडतात आणि इथेच सोडायचं नसतं.

अंथरुणात आठ तास आणि झोप साडेपाच, अशी स्थिती असेल तर अंथरुणातला वेळच कमी करायचा. दोन आठवडे अंदाजाने नोंद ठेवा: कधी पडलो, किती झोपलो, कधी उठलो. सरासरी झोप साडेपाच तास असेल तर अंथरुणातला वेळ सहा तासांचा, म्हणजे सहाला उठायचं तर बाराच्या आधी पडायचं नाही. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. अंथरुणातल्या वेळापैकी 85 टक्क्यांहून जास्त वेळ झोप आठवडाभर टिकली की 15 मिनिटं वाढवा. पहिले एक-दोन आठवडे दिवसा जास्त झोप येते, त्या काळात लांबचं वाहन चालवणं आणि धोक्याची यंत्रं टाळा. अपस्मार (फिट्स) किंवा बायपोलर आजार असेल तर हे स्वतःहून करूच नका, झोप कमी झाल्याने तो उसळू शकतो.

आणि रुग्णासाठी रात्री खरोखरच उठावं लागत असेल, तर ही वेळ कमी करण्याची पद्धत तुमच्यासाठी नाही. तुमची झोप ताणाने मोडलेली नसून कामाने मोडलेली आहे. तिथे उपाय पाळीचा: आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी रुग्णाजवळ आणि तुम्ही दाराआड, सलग झोप. मिळेल त्या दिवशी दुपारी तीनच्या आत 20 मिनिटांची डुलकी, गजर लावून.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एवढंच: बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या थोड्या काळासाठी, साधारण दोन ते चार आठवड्यांपुरत्या असतात. त्यांची सवय लागते. बऱ्याच काळापासून घेत असाल तर एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करून देतात. निद्रानाश जुना असेल तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये गोळीऐवजी पहिला उपचार म्हणून सांगितलेली झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत म्हणजे वर वर्णन केलेल्या गोष्टींचाच शिस्तशीर कार्यक्रम असतो.

कॉफी, दारू, तंबाखू

कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना आणि गर्भवतींना याहून बराच जास्त वेळ लागतो. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिनने तासाभराहून जास्त झोप कमी झाल्याचं 2013 च्या अभ्यासात दिसलं, आणि विशेष म्हणजे घेणाऱ्यांना स्वतःला तितकं जाणवलं नव्हतं. झोपमोड असेपर्यंत दुपारनंतर कॅफिन बंद ठेवा. एकदम सोडलं तर दोन-तीन दिवस डोकं दुखतं, म्हणून दर तीन दिवसांनी एक कप कमी करा.

दारूने झोप लवकर लागते, म्हणूनच ती फसवते. तिचा अंमल उतरताना उत्तररात्री झोप मोडते आणि नाडी वाढते. तीन वाजता जाग येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. निकोटिनचं प्रमाण दोनेक तासांत निम्मं होतं आणि त्याची तलफ हुबेहूब ताणासारखी वाटते. सिगारेटने 'बरं वाटतं' ते बहुतेक आधीच्या सिगारेटची तलफ भागल्याचं असतं.

दिवसाचं काम आणि माणसं

व्यायामाचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम असं आहे. शुश्रूषेत अडकलेल्या माणसाला हे ऐकूनच दडपण येतं. दहा मिनिटांपासून सुरू करा, आणि ती दहा मिनिटं अवघड प्रसंगाच्या लगेच नंतर ठेवा: फोनवरची खडाजंगी, डॉक्टरांची भेट, तापलेली बैठक. बोलताना थोडी धाप लागेल पण वाक्य पूर्ण करता येईल, अशा वेगाने चाला.

कामाच्या बाबतीत रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलेलं सूत्र अजून खरं ठरतं: मागणी जास्त आणि हातात अधिकार कमी, ही जोडी माणसाला सर्वात जास्त झिजवते. मागणी कमी करून मिळत नसेल तर अधिकाराचा छोटा तुकडा मागा. कामांचा क्रम मी ठरवेन, सकाळचा पहिला तास बैठका नकोत, संदेशांना दिवसातून तीनदाच उत्तर देईन. असं मागणं नेमकं असलं की बरेचदा मान्य होतं. 'खूप ताण आहे' हे वाक्य मात्र वरिष्ठांना पुढे काय करायचं ते सांगत नाही. आणि तासांकडे डोळेझाक करू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या विश्लेषणात आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त दिसला.

मदत मागतानाही नेमकेपणा हवा. 'काही लागलं तर सांग' म्हणणारी माणसं मनापासून म्हणत असतात, पण काय करायचं ते त्यांना कळत नाही. त्यांना काम, वार आणि वेळ द्या: 'मंगळवारी चार ते सहा तू आईजवळ बसशील का?' मिळालेले दोन तास घरकामात घालवू नका. ते तुमच्या झोपेचे, चालण्याचे किंवा मित्राशी बोलण्याचे आहेत.

सुरुवात कशी करायची, आणि कधी थांबू नये

हे सगळं एकदम सुरू केलंत तर चौथ्या दिवशी सुटेल. पहिल्या आठवड्यात उठायची वेळ पक्की आणि दिवसातून दोनदा पाच मिनिटं श्वास, बस्स. दुसऱ्या आठवड्यात काळजीची वेळ आणि घड्याळ उलटं. तिसऱ्यात अंथरुणाचे नियम. रोज एकच ओळ लिहा: झोप किती, धडधड किती वेळा, कॅफिन शेवटचं कधी. रोजच्या आकड्यांत चढउतार असतातच, आठवड्याची सरासरी बघा.

खिन्नता किंवा कशातच रस न वाटणं, बहुतेक दिवस, दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, रोजची साधी कामंही होत नसतील, ताण विसरायला दारू किंवा गोळ्या वाढत असतील, किंवा धडधडीच्या भीतीने बाहेर पडणं बंद झालं असेल, तर वरच्या उपायांवर महिने घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांना भेटा. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, एकटे राहू नका आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. शुश्रूषा करणाऱ्यांना 'हे सगळं संपावं' असं वाटून जातं आणि मग मन खात राहतं. हा विचार रुग्णाबद्दल असो की स्वतःबद्दल, तो डॉक्टरांसमोर उच्चारायला लाजू नका. त्यांनी तो अनेकांकडून ऐकलेला असतो.

श्वासाचा परिणाम त्या पाच मिनिटांतच जाणवतो, मानेचा आखडलेपणा दोन-तीन आठवड्यांत सैल होतो, झोप आधी थोडी बिघडून चार ते सहा आठवड्यांत सुधारते. पोटाला सर्वात जास्त वेळ लागतो. सहा आठवडे नीट करूनही सरासरी हलली नाही, तर ती एकेका ओळीची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. 'ताण आहे, झोप येत नाही' यापेक्षा त्या वहीतून त्यांना फार जास्त कळेल.